बुटक्या कोंबड्यांचा मिलिंद

बोरगाव मेघेत आम्ही राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. सामान अजून खोक्यांतच होतं. संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर एक किडकिडीत माणूस उभा. नोव्हेंबर नुकता लागला होता, आम्ही अजून पंखा लावून झोपत होतो, आणि ह्या माणसाच्या डोक्यावर माकडटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, हातात पाण्याची मोठी बाटली. टोपीतून दिसणारा चेहरा पस्तिशीतला होता. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र हळद लावल्यासारखा पिवळा.

"मी मिलिंद थूल. हे बाजूचं घर आपलंच," तो म्हणाला. "वहिनी, एखादं जुनं स्वेटर आहे का जी? लोकरीचं पाह्यजे. फाटकं चालते."

माझी नजर त्याच्या अंगातल्या दोन स्वेटरांवर गेली असावी. तो हसला.

"मले नाई. पिल्लांले. बिनमोसमी निघाली, खोक्यात ठेवून राह्यलो."

सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कॉलेजातलं एक स्वेटर शोधून दिलं. मिलिंदनं ते नाकाशी नेऊन हुंगलं. "डांबरगोळ्यांचा वास आहे. दोन दिवस उन्हात टाकतो," म्हणाला, आणि बाटलीतलं पाणी पीत पीत निघून गेला. पुढं चार हिवाळे आम्ही त्याचे शेजारी होतो. चौथा त्याला पुरता काढता आला नाही.

त्याला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, चार गल्ल्या फिरलात तर एखादं घर सापडतंच. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं आतून कुणी पिळावीत तशी दुखतात. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, की दुखणं उठतं. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं आलेलं. त्या दोघांना काही नाही, मुलांना मात्र सगळं. त्याची मोठी बहीण सुनंदा ह्याच दुखण्यानं कॉलेजात असताना गेली. पुढच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिचा दोन वेण्यांचा फोटो होता. नंतर वडील गेले. राहिली आई, जिचा जन्म अंगणवाडीत खिचडी शिजवण्यात गेला, आणि हा.

आयटीआय करून त्यानं घरातच दुरुस्तीचं काम सुरू केलं होतं. मिक्सर, इस्त्र्या, कूलरच्या मोटारी. उन्हाळ्यात हा माणूस वेगळाच असे. मे महिन्यात अख्खं वर्धा सावली धरून बसलेलं असताना मिलिंद दुपारी अंगणात खुर्ची टाकून, शिट्टी वाजवत, कुणाच्या तरी कूलरचा पंप उघडून बसलेला. "आपला सीझन आहे वहिनी," म्हणे. दिवाळी झाली की शिट्टी थांबे. मान वर न करता नुसते डोळे वर करून आभाळाकडं बघायची सवय तेव्हाच लागे त्याला. उत्तरेचा वारा सुटला की आम्हाला कळायच्या आधी त्याच्या गुडघ्यांना कळलेलं असे.

आणि अशा माणसानं पाळल्या होत्या बँटम कोंबड्या.

गल्लीत त्यांना बुटक्या म्हणत. पारव्यापेक्षा जराशा मोठ्या. पायांच्या बोटांपर्यंत पिसं, पायजमा घातल्यासारखी. अंडं एका घासाचं. उन्हात त्या अंगणभर फिरायला लागल्या की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. पण हिवाळा त्यांचा वैरी. पायाची पिसं दवानं भिजली की दिवसभर ओली राहत, आणि ओल्या पायांची कोंबडी एका गारठ्यात आजारी पडे. "थंडीनं नाई मरत जी," मिलिंद सांगे, "ओलीनं न वाऱ्यानं मरते."

त्या आल्या कशा, तर नागपूरच्या एका दवाखान्यात रक्त चढवायला तो दाखल असताना शेजारच्या खाटेवर एक शौकीन म्हातारा होता. त्याच्या घरी अशा कोंबड्या होत्या. दोघांची गट्टी जमली. सुट्टी होताना म्हाताऱ्यानं मुलाकरवी घरून कापसात गुंडाळलेली अंडी डब्यातून मागवली आणि मिलिंदच्या हातात दिली. इकडं घरी काकूंची एक गावरान कोंबडी खुडूक होऊन बसलेलीच होती. तिच्या पोटाखाली ती अंडी सारली. "तिनं विचारलं नाई कोणाची म्हणून," हे सांगताना त्याला फार आनंद होई.

काकू म्हणजे त्याची आई. त्यांच्या गावरान कोंबड्या थोराड, आणि त्यांच्यावर एक लालभडक कोंबडा. मिलिंदनं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं होतं. बुटक्यांच्या कोंबड्याचं नाव वकील, कारण अंगात वजन नाही आणि भांडणाची हौस दांडगी. दिवसभर अंगणात नुसता दंगा. मोठ्या कोंबड्या बुटक्यांना दाण्यावर येऊ देत नसत, डोक्यात टोची मारत. ठाणेदार तर वकिलाला भिंतीपाशी गाठून रक्त काढी. मिलिंदनं भाजीवाल्याचं एक प्लास्टिकचं कॅरेट आणून त्याच्या जाळीला एवढीच भोकं पाडली की बुटक्याच आत शिरतील. आत त्यांचं दाणापाणी. मोठ्या बाहेरून माना घालून बघत आणि चिडून कॅरेटलाच चोची मारत.

"मग वेगळ्या का नाही ठेवत?" मी एकदा भिंतीवरून विचारलं.

"दिवस कलला की या," तो म्हणाला. "दाखवतो."

गेले. खुराडा त्यानं जुन्या पलंगाच्या लाकडाचा केला होता. वर टिन, उत्तरेकडून गोणपाटाचे दुहेरी पडदे, टिनाखाली मात्र चार बोटं फट उघडी. ती फट का, हेही त्यानं सांगितलं. पहिल्या वर्षी त्यानं सगळा खुराडा प्लास्टिकनं गच्च बंद केला होता. सकाळी उघडलं तर आत डोळे झोंबतील असा विष्ठेचा वास, प्लास्टिकवरून पाणी ओघळतंय आणि निम्म्या कोंबड्यांच्या छातीत घरघर. "माह्याच छातीसारखी," तो म्हणाला. बल्ब त्यानं कधी लावला नाही. वाळलेला कडबा, पिसं आणि तापलेला बल्ब, ह्याचं काय होतं ते वायरिंगच्या कामात त्यानं पाहिलेलं होतं.

बसायला आत गोल दांडी नव्हती, पलंगाची चपटी पाटी होती. चपट्या पाटीवर कोंबडी आपल्या बोटांवर बसते, पोटाची पिसं बोटांवर पसरतात. कोंबड्या एकेक करून आत आल्या. मोठ्या एकीकडं बसल्या, बुटक्या दुसरीकडं कोपऱ्यात. मग मिलिंद दारातून आत वाकला आणि दोन्ही हातांनी एकेकीला उचलून बसवायला लागला. एक मोठी, तिच्याशेजारी बुटकी, मग पुन्हा मोठी. मंगल कार्यालयात पाहुणे बसवावेत तसं त्याचं बोलणं चाललेलं.

"बाई, तुमी जरा इकडं सरका. तुमी आत या, कडेले वारा लागते. वकीलसाहेब, तुमचं तिकडं काई काम नाई."

ह्याला तो बैठक लावणं म्हणे. झाल्यावर मला म्हणाला, "हात घाला इथं." मी दोन मोठ्या कोंबड्यांच्या मध्ये हात घातला. तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखं ऊन होतं ते. मध्येच कुठंतरी एक बुटकी दडलेली होती, ती हातालाच लागली, डोळ्यांना दिसली नाही.

"दिवसभर ह्याच टोचतात ना तिला?"

"अंधार पडला का कोणी कोणाले टोचत नाई. सगळ्यांलेच थंडी वाजते."

दिवाळीपासून होळीपर्यंत एकही संध्याकाळ त्यानं बैठक चुकवली नाही. अंगात ताप असला तर काकूंच्या खांद्याला धरून येई.

एकदा मिक्सर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक त्या बुटक्यांकडं बघून सहज म्हणालं, "तुमच्यासारख्याच नाजूक दिसतात." मिलिंदनं दुरुस्त करायला घेतलेला मिक्सर तसाच उघडा त्या माणसापुढं ठेवला. "घेऊन जा," म्हणाला. "कोंबडीले कोंबडी राहू द्या. माह्यं काई त्याइच्यात घालू नका." तो माणूस गेल्यावर तो बराच वेळ स्क्रू गोळा करत बसला होता.

त्याला राग येई तो एवढाच. दया केलेली खपत नसे. आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात हिंगणघाटकडची एक मंडळी मुलगी घेऊन घर बघायला यायची होती. काकूंनी माझ्याकडून कपबश्या नेल्या, मला पोह्यांना बोलावलं. मी कांदा चिरत होते. काकूंनी मिलिंदच्या गोळ्यांचा डबा पिठाच्या पिंपात लपवला आणि त्याला म्हणाल्या, "आज त्या दुखण्याचं काई बोलू नको बापा. आधी चहा त होऊ दे."

त्या दिवशी त्यानं टोपी घातली नव्हती. केस नीट विंचरले होते. कान लालबुंद झालेले. मुलीच्या वडलांनी विचारलं, काय करता म्हणून.

"घरीच दुरुस्तीचं काम करतो," मिलिंद म्हणाला. "न मले सिकलसेल आहे. पूर्ण आहे. पोरीची तपासणी झाली असन त पुढचं बोलू. नसन झाली त आधी करा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. मुलीचे वडील भले होते, त्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, हवापाण्याचं बोलले आणि उठले. त्यांची गाडी वळवून घेईपर्यंत मुलगी अंगणात उभी होती. तिनं बुटक्यांकडं बघून विचारलं, "ही पिल्लं आहेत का?"

"नाई. मोठ्याच आहेत त्या," मिलिंद म्हणाला. "एवढ्याच होते."

ती हसली. मग गाडीत बसली.

काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी पोळ्या घेऊन गेले तर त्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या. "पोरी, मले नातू नको होता," म्हणाल्या. "मी गेल्यावर ह्याले पाणी द्याले कोणी पाह्यजे होतं." आणि बाहेर, टोपी घालून, मिलिंद बैठक लावत होता. त्याचा आवाज रोजच्यासारखाच येत होता.

चौथ्या हिवाळ्याच्या आधी सुनीलची बदली यवतमाळला झाली. तो शनिवारी-रविवारीच घरी यायचा. मिलिंदचा उजवा खुबा तोवर दुखायला लागला होता. हाडाला रक्त पुरत नाही म्हणून डॉक्टर म्हणाले होते. तो पाय टाकताना ओठ आत घेई, पण काठी धरायला तयार नव्हता.

डिसेंबरात आभाळ आलं आणि अवेळी पाऊस पडला, गारांसकट. सकाळी सकाळी काकूंची हाक ऐकून मी भिंतीपाशी गेले. मिलिंद पावसात खुराड्यावर ताडपत्री बांधत होता. गोणपाटाचे पडदे वाऱ्यानं फाटून गेले होते. काकू दारातून ओरडत होत्या, "आत ये! अरे आत ये!" तो ऐकत नव्हता. गाठी मारून झाल्या तेव्हाच आत गेला. कोंबड्या कोरड्या राहिल्या. तो नखशिखांत भिजला होता.

दुपारी दुखणं उठलं. आमच्या घरांच्या मध्ये एकच भिंत होती. तो ओरडत नसे. खूप जड काहीतरी उचलताना माणूस जसा आवाज काढतो, तसा आवाज येत राही, थांबून थांबून. मी गेले तेव्हा ऑटो दारात उभा होता आणि तो जायला तयार नव्हता.

"दोन दिवस जाऊ दे आई. पाऊस थांबू दे. ह्याइचं कोण करन?"

काकू फरशीवर बसल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही पाय धरले. "तुह्या पाया पडतो बापा, चाल. सुनंदानं बी असंच म्हटलं होतं, दोन दिवस जाऊ दे. चाल बापा."

मग तो उठला. ऑटोत बसताना माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "वहिनी, बैठक." मी हो म्हटलं, आणि दोन संध्याकाळी मला येईल तशी लावलीही. तिसऱ्या दिवशी मला नागपूरला आठवड्याच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. मी शिकवते त्या शाळेनं ते बदलून दिलं नाही. काकूंना सगळं समजावून सांगावं असं मनात होतं, पण त्या दवाखान्यातच होत्या, फोनवर नुसत्या रडत होत्या. त्याला इंजेक्शनच्या गुंगीत काही सुधरत नव्हतं. त्या गुंगीत तो सारखा एकच बडबडत होता: "आई, ठाणेदार मारून टाकन वकिलाले. वेगळं कर. वेगळं कर त्याइले."

काकूंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी आल्या, चिकनच्या दुकानवाल्याला बोलावलं आणि आपल्या सगळ्या गावरान कोंबड्या, ठाणेदारासकट, त्याच्या टोपलीत घातल्या. वर्षानुवर्षं त्यांनी पोसलेल्या, त्यांच्या हाकेला धावत येणाऱ्या. लेकाच्या बुटक्यांना कुणी टोचू नये म्हणून. मग बुटक्यांना दाणे टाकले आणि परत वॉर्डात गेल्या.

पाऊस थांबला होता. आभाळ मोकळं झालं, आणि मोकळ्या आभाळाखाली अशी थंडी पडली की नागपूरलाही आम्ही वर्गात शाली पांघरून बसलो होतो.

मी परतले तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात गोणपाट, आणि त्यावर बुटक्या ओळीनं ठेवलेल्या. काळी, ठिपक्यांची, ती एक तांबूस. पिसं तशीच चकाकत होती. "काय झालं पाह्य न बाई," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी येतो त खाली पडलेल्या. दाणे टाकून गेलतो, पाणी ठेवून गेलतो. काऊन झालं असं?" खुराड्यात वकील आणि एक पांढरी कोंबडी तेवढी उरली होती. पाटीच्या कोपऱ्यात, एकमेकांत घुसून. मी त्या दोघांना खोक्यात घालून आमच्या न्हाणीघरात आणून ठेवलं. खुराड्यात मोठ्या नाहीत हे बघितल्याबरोबर मला सगळं कळलं होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"वहिनी, आई सांगते सगळं चांगलं आहे. तुमी मास्तरीण आहात. पोराले नापास म्हणून सांगाची सवय आहे तुमाले. सांगा."

मी सांगितलं. किती गेल्या, किती राहिल्या.

"मोठ्या?"

"काकूंनी विकल्या. तुम्ही गुंगीत म्हणत होतात, वेगळं कर म्हणून."

पलीकडं वॉर्डातले आवाज येत होते, कुणाच्या तरी स्ट्रेचरचं चाक वाजत होतं. मग तो म्हणाला, "वहिनी, त्या काऊन मेल्या ते आईले सांगू नका. कधीच नाई." मी शब्द दिला.

जानेवारीच्या सुरुवातीला तो घरी आला. आता काठी होती. ऑटोतून उतरून तो आधी खुराड्याकडं गेला नाही, आईकडं गेला. मी गरम पाणी घेऊन गेले होते म्हणून मला ते बोलणं ऐकायला मिळालं.

"मानमोडी आली असन आई," तो म्हणाला. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग, घरात शिरला की सगळं साफ करून जातो. "पावसानंतर येतेच ते. कोणी काई करू शकत नाई त्याले."

काकू त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मोठ्या आधीच विकल्या ते बरं झालं. नाई त त्याही गेल्या असत्या."

"हो न आई. बरं केलं तू."

दुसऱ्या दिवशी तो भिंतीपाशी आला. आम्ही संक्रांतीला आष्टीला जाणार होतो, ते माझं माहेर. तिथल्या आठवडी बाजारात गावरान कोंबड्या चांगल्या मिळतात हे त्याला कुठून तरी कळलं होतं. त्याला आमच्याबरोबर यायचं होतं. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती.

"दोनच राहिल्या आहेत मिलिंदभाऊ," मी म्हटलं. "माझ्या न्हाणीघरात राहू द्या होळीपर्यंत. मला काही अडचण नाही."

"असं कितीक हिवाळे ठेवसान?" तो म्हणाला. "सुनंदाताईले आमी तीन हिवाळे खोलीच्या बाहेर काढलं नाई. खिडक्या लावून, शेगडी ठेवून. तिथंच गेली ते." मग जरा थांबून, "मले त्या दोघांले खुराड्यात बसलेलं पाह्यचं आहे, वहिनी. बस."

काकूंनी नाही नाही म्हणून पाहिलं आणि मग स्वतःच त्याच्या पिशवीत गरम पाण्याची रबरी पिशवी, गोळ्या आणि दोन बाटल्या भरल्या. तो आमच्यासोबत आला आणि दोन थोराड कोंबड्या घेऊन परतला. त्या संध्याकाळी खुराड्यात पुन्हा बैठक लागली. चारच जणांची. वकील आणि पांढरी मध्ये, त्या दोघी कडेला. पहिल्यांदा त्यांनी वकिलाला दोन टोच्या हाणल्या. अंधार झाल्यावर सगळं शांत झालं.

फेब्रुवारीत थंडी ओसरली. दुपारी पंखे लागायला लागले. आता ह्या वर्षापुरतं सुटलो असं काकूही म्हणायला लागल्या होत्या. तेव्हा त्याच्या छातीत दुखायला लागलं, धाप लागली, आणि दवाखान्यात नेल्यावर दोन दिवसांतच तो गेला. हिवाळ्यानं नेलं असं म्हणायलाही जागा ठेवली नाही त्यानं.

जलदानविधीला गल्ली भरून माणसं आली. ती सगळी पांगल्यावर, दिवस कलताना, मी भिंतीवरून बघितलं तर काकू खुराड्यात वाकलेल्या. हातांनी चाचपून कोंबड्या बसवत होत्या. बडबड नव्हती, गुपचूप चाललं होतं. मी तिकडं गेले.

"त्यानं मोठ्या काऊन आणल्या ते माहीत आहे का तुले?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

त्याला दिलेला शब्द होता. म्हटलं, "त्याला आवडायच्या."

"मले माहीत होतं पोरी." त्यांनी पांढरीला उचलून दोघींच्या मध्ये बसवलं. "मानमोडीत मान वाकडी होते. पाठीवर जाते मान. ह्याइच्या माना सरळ होत्या. मी एकेक उचलली होती, मले दिसत नाई का? तो घरी आला त्याच दिवशी समजलं. पण तो म्हणाला मानमोडी, त म्या म्हटलं मानमोडी. त्याले तेवढंच समाधान होतं, आईले समजलं नाई म्हणून." खुराड्याचं दार त्यांनी लावून घेतलं. कडी नीट बसत नव्हती, ती दोन-तीनदा ओढून बसवली. "माह्या हातानं गेल्या त्या," म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो झटकून त्या आत गेल्या. पुढं कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मीही भिंतीपाशी गेले नाही.

मिलिंद आठवतो तेव्हा दवाखान्यातला आठवत नाही. शेवटच्या दिवशी मी त्याला पाहिलंही होतं, नाकातोंडावर मास्क होता, पण तो चेहरा माझ्या मनात टिकलाच नाही. टिकला तो आष्टीच्या बाजारातला.

संक्रांतीनंतरचा बाजार होता. ऊन होतं, पण वारा बोचरा. कोंबडीवाल्या बायका पाटीखाली कोंबड्या झाकून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. मिलिंद एकेकीपुढं थांबे, काठी बगलेत धरी, पाटी उचलून कोंबडीच्या पोटाखाली हात घाली आणि डोळे मिटून तसाच उभा राही. एक बाई हसायला लागली. "भाऊ, कापाची आहे का पोसाची?"

"बसवाची आहे," तो म्हणाला.

दोन निवडल्या. बाईनं रिवाजाप्रमाणे त्यांचे पाय बांधून त्या उलट्या त्याच्या हातात द्यायला धरल्या. त्यानं पाय सोडायला लावले, दोघींना सरळ घेतलं आणि एकेक बगलेत धरली, शालीच्या आत. मग त्याच्या लक्षात आलं की काठी धरायला हात उरला नाही. काठी मी उचलली. गाडी बाजाराच्या पार टोकाला उभी होती, मध्ये गुळाच्या ढेपी, भांडीवाले, गर्दी.

"द्या एक माझ्याकडं," मी म्हटलं. "एका हातानं काठी धरा. पडाल."

त्यानं मान हलवली. ओठांचा निळेपणा जाऊन तोंडावर जरा रंग आला होता.

"नाई वहिनी," तो म्हणाला. "गरम आहेत."

आणि खुबा ओढत, कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत, तो गर्दीतून पुढं चालायला लागला. मी काठी घेऊन मागं मागं.